आयईसी माझ्या नावावर, ओटीपी त्याच्या मोबाईलवर

आमच्या वरूड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याचा भाव पडला की निर्यातीची गोष्ट सांगणारा कोणीतरी हमखास येतो. बांगलादेशानं आयातशुल्क वाढवत नेल्यापासून तर जास्तच. आंबिया बहाराच्या ऐन तोंडावर असाच एक आला, आणि मी फसलो.

माणूस गोड. गळ्यात कार्ड, कस्टमचा लायसनवाला एजंट म्हणून ओळख. "काहाले टेन्शन घेता भाऊ, कागदाचं मी पाहतो." आधार, पॅन, चालू खात्याचा फॉर्म, कोऱ्या लेटरहेडवर सह्या, सगळं दिलं. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी नंबर, त्याची 'सरकारी फी' १८ हजार. खरी फी ५०० रुपये. डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येते आणि नंबर म्हणजे आपलाच पॅन. पण १८ हजारांचं जाऊ द्या. अर्जात मोबाईल आणि ईमेल त्यानं स्वतःचे टाकले. म्हणे, शेतात तुम्हाला रेंज नसते, ओटीपी हुकला की फाईल अडकते. रेंज नसते हे खरंच होतं, म्हणून पटलं. बँकेच्या फॉर्मातही तोच नंबर.

पुढं तो फोन उचलेना. संत्रा नेहमीच्या व्यापाऱ्याला दिला आणि विषय डोक्यातून गेला.

दीड वर्षानं कस्टमचं पत्र आलं. माझ्या आयईसीवर तयार कपडे परदेशी गेले, त्यावर ड्रॉबॅक, म्हणजे निर्यातीवर सरकार परत देतं ती शुल्काची रक्कम, उचलला, मालाचे पैसे मात्र देशात आलेच नाहीत. तेव्हा ड्रॉबॅक व्याजासह परत करा. बायको म्हणाली, "आपल्या झाडाले शर्ट कधी लागले?" हसू आलं नाही.

शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या कस्टम कागदावर, ज्या कस्टम ब्रोकरचं नाव होतं, त्याला गाठलं. हा खरा लायसनवाला. तो म्हणाला, तुमच्या सहीचं अधिकारपत्र आहे माझ्याकडे. होतंच, कोऱ्या लेटरहेडचं तेच झालं. आमचा गोडबोल्या त्याचा नोकरही नव्हता, नुसता कामं आणून देणारा दलाल.

वकिलांनी तेव्हा २०१८ ची कस्टम ब्रोकर नियमावली दाखवली. लायसन दुसऱ्याला देता येत नाही. ब्रोकरनं आयईसी, जीएसटी नंबर, ग्राहकाची ओळख तपासायची. दिलेल्या पत्त्यावर धंदा खरंच चालतो का, तेही विश्वासार्ह कागदांवरून. माझ्या पत्त्यावर गोठा आहे. हे नियम मोडले तर ब्रोकरचं लायसन रद्द होऊ शकतं, पण नोटीस माझ्याच नावाची.

आता पोलिसांत तक्रार दिली, कस्टमला उत्तर दिलं. डीजीएफटीकडे मोबाईल-ईमेल बदलायला गेलो तर बदलासाठी ओटीपी जुन्याच नंबरावर. तुमच्यापैकी कोणी अशा माणसाकडून आयईसी काढली असेल, तर आज लॉगिन करून नंबर कोणाचा आहे ते बघा. एप्रिल ते जूनमध्ये दरवर्षी ती अद्ययावत करावी लागते. ते काम 'मी करून टाकतो' म्हणणाऱ्याला तर आधी विचारा, कोणाच्या मोबाईलवरून?