तुर्भ्याहून मार्बलचं देवघर घेतलं, दगड निवडण्याआधी हे वाचा

आमचं लाकडाचं देवघर वाळवीने गेलं, त्यामुळे आई यावेळी दगडाचंच हवं म्हणून बसली होती. ऐरोलीहून तुर्भ्याच्या एका मार्बलवाल्याकडे तीन चकरा झाल्या, शेवटी कोरीव काम धरून ३८ हजारात सव्वादोन फुटाचं, राजस्थानातल्या मकराण्याच्या पांढऱ्या मार्बलचं देवघर घेतलं.

दुकानातली मला खूप आवडलेली गोष्ट म्हणजे तो माणूस प्रत्येक दगडावर आधी पाणी मारून दाखवायचा. पॉलिश केलं की सगळेच दगड छान दिसतात हो, पण ओला केला की आतला रंग वर येतो आणि बारीक चीर असेल तर सगळं सुकल्यावरही तेवढी रेघ ओली राहते.

आईला गुलाबी हवा होता, बन्सी पहाडपूरचा, अयोध्येच्या राममंदिराला वापरलाय तो. रंग खरंच सुंदर, भिंतीवर, दारावर लावा, पण वालुकाश्म म्हणजे वाळूचेच कण चिकटलेले, समईचं तेल सांडलं की आत मुरतं आणि डाग निघत नाही. जैसलमेरचा पिवळा मला वैयक्तिक सगळ्यात आवडला, मधासारखा रंग आणि पॉलिशही मस्त घेतो, पण आमच्या मापात नव्हता. हिरवा उदयपूरकडचा, त्यातल्या पांढऱ्या रेषा दिसायला भारी पण जाळी कोरताना नेमका त्याच रेषेवर तुटतो असं कारागीर स्वतःच म्हणाला, आणि तो पाण्यात कालवलेल्या अ‍ॅडेसिव्हने लावला तर वाकतो, इपॉक्सीच (बिनपाण्याचा गोंद) लागतं. स्वतःच्याच मालाचं हे न विचारता सांगितलं, विश्वास तिथे बसला. सोपस्टोन तर नखाने ओरखडतो इतका मऊ, छोट्या मूर्तीला उत्तम, रोज पुसायच्या वस्तूला नको.

आता मकराणा. ताजमहालाचा दगड हे सगळ्यांना माहीत आहे, पण हातात घेतल्यावर कळतं का ते. शेजारी व्हिएतनामचा तुकडा होता, रंगाने जास्त पांढरा, पण दाणा साखरेसारखा मोठा आणि कमळाच्या पाकळीची कड बोथट आलेली. मकराण्यात किंचित राखाडी झाक असते, दाणा मात्र बारीक आणि घट्ट, टाकीने (छिन्नीने) कोरलेली कड जशीच्या तशी धारदार राहते. जाळीमागे मोबाईलचा टॉर्च धरला तर दगडातून उजेड पाझरतो, आई बघतच राहिली. कोरीव काम हवं असेल तर पांढरेपणा नंतर बघा, आधी दाणा बघा.

तक्रार पण आहे. डिलिव्हरी पाच दिवस उशिरा, आणि घरी आल्यावर दिसलं की डाव्या खांबाचा एक कंगोरा तुटलेला होता तो पांढरी पुट्टी भरून बुजवलेला. फोटो पाठवले, वाद न घालता १२ दिवसांत खांब बदलून दिला, पण पाठवतानाच बघायला हवं होतं ना. घेताना खिडकीपाशी उजेडात तिरकं धरून बघा, पुट्टीवर चमक वेगळी पडते.

आणि लिंबू, चिंच, पितळेची भांडी घासायची पावडर अजिबात जवळ नको, कुठल्याही मार्बलला ॲसिड चालत नाही. आमच्याकडे पूजेत कापलेलं लिंबू रात्रभर राहिलं तिथे रुपयाएवढा डाग पडलाय, चमक गेली, आता परत पॉलिशवाल्याला बोलवायचंय.