जुनी गाडी: कुठलं काम घरी, कुठलं गॅरेजात

गेल्या मे महिन्यात ताईकडे केरीला गेलो होतो. गोव्यातलं, पेडण्याचं केरी, तेरेखोलच्या अलीकडचं, समुद्रकाठचं. तिची 2008 सालची अल्टो आता भाचा चालवतो. माझ्याकडे डिचोलीला, समुद्रापासून आत, त्याच वर्षाची, तेच मॉडेल. गेल्या गेल्या भाचा म्हणाला, "मामा, पान्यांचा सेट आणलाय. आता सगळं घरीच करणार." भावोजींचं मत उलटं. जुन्या गाडीला घरी हात लावायचा नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्यायची. ताईचा विश्वास गावातल्या मेकॅनिकवर. जेवण होईपर्यंत तिघांचं एकमत झालं नाही, आणि मग तिघांनीही माझ्याकडे बघितलं.

मी तिन्ही वाटांनी गाडी सांभाळून पाहिली आहे. गाडी कोणाच्या हाती द्यायची हे एकदाच ठरवून मोकळं होता येत नाही, ते कामागणिक ठरवावं लागतं. गोव्यात जुन्या गाडीच्या कामांची यादी करायला बसलात तर पहिल्या ओळीत इंजिन लिहू नका. पाणी आणि गंज लिहा. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि किनाऱ्यावर बाराही महिने खारा वारा. नीट तेल घातलेलं इंजिन हे सोसतं. पत्रा सोसत नाही.

त्या दुपारी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावून पाहिल्या. किलोमीटर माझ्या गाडीचे जास्त, इंजिनाचा आवाजही तिच्या गाडीचाच गोड. पण दाराखालच्या पट्टीवर पेचकसाची मूठ हलकेच आपटली तर माझ्या गाडीचा आवाज टणक आला आणि तिच्या गाडीचा बद्द, ओल्या पुठ्ठ्यासारखा. दोन जागी रंग फुगून पापुद्रे आले होते. मागच्या दरवाजाची खालची कड बोटाने दाबली तर तपकिरी भुगा पडला. वर्ष एकच, मॉडेल एकच. फरक समुद्राच्या अंतराचा, आणि गाडीखाली कोणी वाकून बघितलं की नाही याचा.

तीन वाटा

सर्व्हिस सेंटरचं पहिल्यांदा. तिथे लिफ्ट असते, पार्ट खात्रीचे असतात, संगणकाला जोडून दोष वाचता येतो आणि पक्कं बिल मिळतं. गाडी पुढे विकायची असेल तर त्या बिलांची फाईल कामाला येते. पण तिथली पद्धत बदलून टाकण्याची आहे. नव्या गाडीला ती योग्य. इतक्या जुन्या गाडीत जिथे चाळीस रुपयांची रबरी सील पुरते तिथे अख्खं युनिट बदललं, तर दोन-तीन भेटींत खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. आणि मजुरी तासाने मोजली जाते.

गावातला मेकॅनिक दुरुस्त करतो. अल्टरनेटरचे (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) ब्रश बदलतो, रेडिएटर उतरवून साफ करून आणतो, गाडी तुमच्यासमोर उघडतो. बाजूला उभं राहिलं तर निम्मं शिकायला मिळतं. माझा मेकॅनिक गाडीचा आवाज गेटाबाहेर ऐकून सांगतो की उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बोलतंय. उणं एवढंच की सगळं एका माणसावर. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी पंधरा दिवस त्याच्या दारात गाड्यांची रांग असते, चवथीत तो स्वतः गावी असतो, आणि पार्ट कुठला घातला हे डबा मागून बघितल्याशिवाय कळत नाही. डबा मागाच. त्यात अपमान वाटून घेणारा मेकॅनिक मला अजून भेटलेला नाही.

स्वतः करण्यात पैसे वाचतात ते छोट्या कामांत, आणि तेही लगेच नाही. पाने, सॉकेट, मल्टीमीटर, तेल धरायची परात, दोन जॅक स्टँड (उचललेली गाडी धरून ठेवणारे आधार), एवढं घेतलं की पहिल्या वर्षाची बचत त्यातच जाते. खरा लाभ दुसराच आहे. महिन्यातून दोनदा तासभर तुम्ही गाडी जवळून बघता. मेकॅनिक ती वर्षातून दोनदा बघतो, आणि त्यातही तुम्ही जिथे बोट दाखवाल तिथेच.

पाणी, आणि ते कुठून येतं

हे काम शंभर टक्के घरचं. कोणताही गॅरेजवाला ते आपणहून करणार नाही, कारण त्याचं बिल कसं लावायचं हे त्यालाही कळत नाही.

बॉनेट उघडा. समोरच्या काचेच्या खाली, वायपरच्या जाळीत, एक पन्हळ असते. काचेवरचं सगळं पाणी तिथे उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जातं. गाडी आंब्याखाली किंवा फणसाखाली लावत असाल, आणि गोव्यात सावली म्हणजे तीच, तर त्या पन्हळीत पानांचा, मोहोराचा कुजलेला थर बसतो. पाण्याला वाट राहिली नाही की ते हवेच्या वाटेने आत शिरतं आणि गालिच्याखाली साठतं. गालिचा वरून कोरडा दिसतो. खालचा फेस मात्र पावसाळाभर ओला राहतो आणि फरशीचा पत्रा आतून खातो. ताईच्या गाडीची पन्हळ उपसली तेव्हा दोन मुठी काळी माती निघाली, आणि तिच्यात पिंपळाचं एक रोप उगवलं होतं. मुळं जाळीत गुंतलेली.

दारांनाही खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून दारात उतरलेलं पाणी तिथून गळायचं. ती तांबड्या धुळीने बुजतात. प्लास्टिकची काडी घालून मोकळी करा, तार नको, तारेने रंग खरवडतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. गाडी हलवल्यावर दारातून डबडब आवाज येत असेल तर समजा की ते दार म्हणजे टाकी झालेलं आहे.

गालिचा ओला असेल तर पाणी कुठलं हे आधी ओळखा. पावसानंतरच ओला होतो, तर पन्हळ किंवा दाराचं रबर. पाऊस नसताना एसी लावून फिरल्यावर डाव्या बाजूला ओल येते, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. आणि बोटांना चिकट लागून गोडसर वास येत असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे, मग गॅरेज गाठायचं.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवावं, चाकांच्या कमानी आतून. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर नळाचं घ्या. दिसलेला गंज लहान असेल तर घासून, रस्ट कन्व्हर्टर लावून, प्रायमर आणि रंग घरी देता येतो. पण पत्र्याला भोक पडलं असेल, किंवा जॅक लावायची जागाच मऊ झाली असेल, तर तिथे पुटी भरून वरून रंग मारणं धोक्याचं आहे. पत्रा कापून नवा जोडावा लागतो, आणि ते वेल्डिंगचं काम डेंटिंगवाल्याचं. 15 वर्षं पूर्ण झाली की नोंदणी 5 वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, त्यासाठी गाडी आरटीओला दाखवावी लागते आणि 1 एप्रिल 2022 ला खासगी चारचाकीची ती फी 600 वरून 5,000 रुपये झाली होती. पत्रा टिकणार आहे की नाही हे ती फी भरण्याआधी बघा.

तेल, बॅटरी, फिल्टर

इंजिन ऑईल घरी बदलता येतं. या छोट्या तीन सिलिंडरच्या इंजिनाला तीन लिटरचा डबा पुरतो, फिल्टरसह पंधराशेच्या आसपास खर्च. इंजिन थोडं गरम असताना तेल चांगलं उतरतं. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावा आणि तो हातानेच आवळा. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, नटाला दर वेळी नवा वॉशर.

त्या नटाबद्दल थोडं सांगायलाच हवं. पहिल्या वर्षी मी तो गळू नये म्हणून पान्याला पाईप लावून आवळला. गळला नाही. पुढच्या वेळी सोडवला तेव्हा नटाबरोबर चेंबरचे आटे चकचकीत सुतासारखे बाहेर आले. नवा नट फिरतच राहिला. रविवार होता, तेल उतरलेलं होतं, गाडी पोर्चमध्ये अडकून पडली आणि सोमवारी मेकॅनिकने घरी येऊन मोठ्या मापाचे आटे पाडून दिले. तेव्हापासून टॉर्क रेंच, म्हणजे नेमक्या ताणापर्यंतच आवळणारा पाना, वापरतो. तो परवडत नसेल तर नट टेकल्यावर छोट्या पान्याने जरासा ताण, बस्स.

उतरलेलं काळं तेल झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. आपल्याकडे खाली चिऱ्याचा (जांभ्याचा) सच्छिद्र दगड, आणि बाजूला विहीर. डब्यात भरून मेकॅनिकच्या पिंपात नेऊन द्या.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी येते ती दमट हवेत जास्त. निगेटिव्ह आधी सोडायचा, बसवताना शेवटी. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पुसून व्हॅसलीन लावा. रात्रभर उभी असलेली बॅटरी मल्टीमीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी, आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. इंजिन चालू असूनही बाराच दाखवत असेल तर नवी बॅटरी घेण्याची घाई नको, दोष अल्टरनेटरकडे आहे. पाचशे रुपयांचं मीटर इथे चार हजार वाचवतं.

एअर फिल्टर, वायपरची रबरं, बल्ब, फ्यूज, हे घरचंच. खाणपट्ट्यात किंवा कच्च्या रस्त्याला राहत असाल तर फिल्टर पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकर बघा. कूलंटमध्ये विहिरीचं पाणी घालू नका, तयार मिश्रण आणा, आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

जिथे मी पाना खाली ठेवतो

गाडीखाली जावं लागेल असं प्रत्येक काम सपाट, टणक जमीन आणि जॅक स्टँड नसतील तर करायचंच नाही. आपल्याकडे प्रत्येक आवारात चिरे पडलेले असतात आणि जॅकच्या जोडीला गाडीखाली चिरा सरकवायची सवय आहे. चिरा उभा भार वर्षानुवर्षं सोसतो तो भिंतीत, सगळ्या बाजूंनी बसवलेला असताना. एका कडेवर गाडीचं वजन आलं की तो न सांगता फुटतो. चाक सरकू नये म्हणून त्याला उटी म्हणून चिरा लावा. पोटाखाली लावून त्याखाली माणूस जाऊ देऊ नका. आणि मऊ झालेल्या पत्र्यावर लावलेला जॅक तर गाडीच्या आतच शिरतो.

ब्रेक मी करत नाही. पुढचे पॅड बदलणं व्हिडिओत सोपं दिसतं, आणि खरंच अवघड नाही, पण जुन्या किनारी गाडीत कॅलिपरच्या पिना गंजून धरलेल्या असतात, मागच्या ड्रममध्ये सिलिंडर पाझरत असतो, आणि ते ओळखायला शेकडो चाकं उघडलेला हात लागतो. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते दोन वर्षांनी बदलून घ्यावं. घरी फक्त पातळी बघा, आणि रंगावर एक थेंबही सांडू देऊ नका, रंग उतरतो. पावसात गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला उटी लावा. नाहीतर ब्रेकचे शूज ड्रमला चिकटतात.

टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या भागांची चाल जुळवून ठेवणारा पट्टा) मेकॅनिकचा, तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरसकट. एसीचा गॅस एसीवाल्याचा. पेट्रोलचा वास आला तर घरी शोधत बसू नका. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इतक्या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या तपासून बदलून घ्या. टायर स्वतः बघा, बाजूवरचे चार आकडे तारीख सांगतात (2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा). नक्षी 1.6 मिलिमीटरवर कायद्याने संपते, पण आपल्या पावसात मी 3 वरच बदलतो.

सर्व्हिस सेंटरला मी वर्षात एकदाही जात नाही, त्यांच्या पार्ट काउंटरला मात्र जातो. पार्ट तिथून, हात गावातल्या मेकॅनिकचा. 2008 च्या गाडीला ही जोडी मला सगळ्यात किफायती पडली. गाडी सहा-सात वर्षांचीच असेल, एअरबॅग आणि एबीएस असलेली, तर भावोजींचं ऐका. पर्वरीत किंवा मडगावात फ्लॅटमध्ये राहत असाल आणि पार्किंगमध्ये तेल सांडायची सोय नसेल, तर पन्हळ, बॅटरी, टायर, गंज एवढंच स्वतःकडे ठेवा, तेलही मेकॅनिकला द्या. त्यात कमीपणा नाही.

भाच्याला मी सांगितलं की पावसाआधी जसं घरात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो तसं गाडीचंही भरायचं, आणि 1 जूनच्या आत. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी गालिचा उचलून उन्हात टाकला, पन्हळ धुतली, दारांची भोकं मोकळी केली. तेल त्याने स्वतः बदललं, नट आवळताना माझ्याकडे बघून थांबला. सोमवारी ताईच्या मेकॅनिककडे ब्रेकसाठी गाडी लावली, आणि दाराखालच्या पट्टीसाठी डेंटिंगवाल्याकडे नंबर लावला. पिंपळाचं रोप ताईने कुंपणाबाहेर नेऊन लावलं.