बेसॉल्टच्या कड्यावर १४ महिने: बोल्ट, दोर आणि बाकीचं साहित्य

कडे चढण्यासाठी वापरलेला संच असा: १० मिमीचे स्टेनलेस एक्स्पान्शन बोल्ट (आवळल्यावर भोकात पसरून बसणारे), हँगरसह, म्हणजे दोर अडकवायच्या पट्टीसह, बहुतेक ९० मिमी लांबीचे, मऊ खडकासाठी रेझिनमध्ये (रासायनिक गोंदात) बसवायचे चार ग्लू-इन बोल्ट, ९.८ मिमीचा ६० मीटर डायनॅमिक, म्हणजे झटक्याला ताणणारा, दोर. भेगेत पसरून धरणाऱ्या कॅमचा एक संच, भेगेत अडकवायचे धातूचे चॉक नट, नायलॉन आणि डायनीमा या हलक्या मजबूत धाग्याच्या स्लिंग (पट्ट्यांचे फास), दोर धरायला ट्यूब डिव्हाइस आणि ग्रिग्री, आणि दोन हेल्मेट. वापर अजिंठा डोंगररांगेच्या कडेच्या कातळांवर, एक अख्खा पावसाळा आणि एप्रिल-मेचं ऊन धरून. ब्रँडची तुलना इथे केलेली नाही.

आधी बोल्टबद्दल, कारण विचारणा त्याचीच जास्त होते. हँगरवर २५ किलोन्यूटन कोरलेलं असतं, म्हणजे सुमारे अडीच टन. ईएन ९५९ या युरोपीय मानकात बोल्टला आडव्या ओढीसाठी एवढीच ताकद मागितली आहे. १४ महिन्यांत एक गंजाचा ओघळ सोडला तर पोलादाने एकदाही तक्रारीला जागा दिली नाही. जे बोल्ट संशयास्पद ठरले, ते सगळे खडकामुळे किंवा भोकामुळे. म्हणून हँगरवरचा आकडा वाचून निर्धास्त होऊ नका. तो आकडा पोलादाचा आहे, खालच्या दगडाचा नाही.

आपल्याकडचा कातळ वरून सगळा काळाच दिसतो, पण तो थराथराचा आहे. घट्ट काळा पाषाण, त्याखाली बारीक पोकळ्यांचा आणि पांढऱ्या झिओलाइट खनिजाने भरलेल्या डोळ्यांचा खडक, मध्येच गेरूसारखा लाल थर, मग पुन्हा काळा. विहिरी खोदणाऱ्यांना हे पाठ असतं. नवीन जागी बोल्ट मारण्याआधी जवळपासच्या एखाद्या मोठ्या विहिरीत डोकावून बघा. तिच्या भिंतीत त्या परिसरातले थर उघडे पडलेले दिसतात आणि कड्यावर काय वाट्याला येणार याचा चांगला अंदाज येतो.

काळ्या पाषाणात हातोडीचा आवाज खणखणीत येतो. बद्द किंवा पोकळ आला तर मागे फट आहे. खांबांसारख्या उभ्या भेगा असलेल्या कातळात ही गोष्ट फार फसवते: खांबाचा दर्शनी भाग टणक असतो, पण अख्खा खांबच मागून सुटलेला असू शकतो. अशा वेळी बोल्ट उत्तम बसतो आणि खांबासकट निघून येऊ शकतो. बोल्टच्या आजूबाजूला हातभर परिघात हातोडी फिरवा, खांबाचा पायथा बघा. पायथ्याशी लाल थर झिजून आत गेला असेल तर ती लाइन, म्हणजे चढायची वाट, सोडून द्या. लाल थरात तर बोल्ट मारूच नये, कितीही लांब असला तरी. कडेपासून आणि भेगेपासून १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवायचं, आणि शेजारच्या बोल्टपासूनही निदान तेवढं.

पोकळ्यांच्या खडकात एक्स्पान्शन बोल्ट बसल्यासारखा वाटतो, पण आवळताना खरं कळतं. नट फिरत राहतो, टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, चढत नाही. बोल्टच्या टोकाची बाही पसरताना पोकळ्यांच्या पातळ भिंती चुरडत जाते, म्हणून असं होतं. नट आट्यांच्या शेवटाला पोचला आणि तरी घट्ट झाला नाही, तर तो बोल्ट बाद. त्या थरात ग्लू-इनच लावावेत, कारण रेझिन पोकळ्यांत शिरून भोकाची सगळी लांबी धरते. पण रेझिनला आपलं ऊन सोसत नाही. डब्यावरचा तक्ता वाचा: जितकी उष्णता जास्त तितका हाताळायला वेळ कमी, आणि तीस अंशांच्या पुढे तो थोड्या मिनिटांवर येतो. चाळीस अंशांत तर नळीतच घट्ट होतं. ग्लू-इनचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी करावं. नळीतून पहिलं येणारं मिश्रण दोन्ही रंग एकजीव होईपर्यंत फेकून द्यावं, आणि बोल्टला पूर्ण वाळण्याआधी कोणी हातही लावू नये.

भोकाच्या बाबतीत सर्वात जास्त आळस होतो तो सफाईत. ड्रिल कातळाला काटकोनात धरायचं आणि भोक बोल्टच्या लांबीपेक्षा १० ते १५ मिमी जास्त खोल करायचं. मग पंपाने हवा, तारेचा ब्रश, पुन्हा हवा, असं तीन-चार वेळा, आतून धूळ यायची थांबेपर्यंत. गॉगल लावूनच, बेसॉल्टची पूड डोळ्यात जाते. पूड राहिली तर बाही दगडाला न चिकटता पुडीवर सरकते. रेझिनचं तर पुडीवर लागण्याला काही अर्थच नाही. भोक जास्त खोल ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे: पुढे बोल्ट बदलायची वेळ आली तर जुना आत ठोकता येतो आणि तोंड रेझिन व दगडाच्या पुडीने बुजवता येतं.

काळा पाषाण ड्रिलची बिटं खातो. टोक गोल झालं की भोक बारीक होतं, बोल्ट अर्ध्यात अडकतो आणि मग लोक जोरात ठोकत सुटतात. आटे चेपले की नट चढत नाही. ठोकण्याआधी नट आट्यांच्या टोकाशी फिरवून ठेवा म्हणजे मार त्यावर बसतो, आणि टोक गोल झालेलं बिट लगेच बदला. स्टेनलेसमध्ये नट आट्यावर चावतो, म्हणून नट सावकाश फिरवा. आवळायला टॉर्क रेंच हवाच. लांब पान्याने हाताच्या अंदाजाने आवळलेल्या बोल्टमध्ये आधीच इतका ताण भरतो की पडणाऱ्याच्या वाट्याला थोडीच ताकद उरते. आकडा बोल्टच्या पाकिटावर असतो, तोच पाळा.

झिंकचा मुलामा दिलेला बोल्ट आणि स्टेनलेसचा हँगर ही जोडी करू नका. ओल मिळाली की दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो. आपण समुद्रापासून लांब आहोत, कोरड्या हवेत साधं ३०४ स्टेनलेस चालतं. पण पावसाळा संपल्यावरही नोव्हेंबरपर्यंत पाझरणाऱ्या रेघा कातळावर असतात. त्या रेघांवर बोल्ट मारायचाच नाही. आपल्या संचातला एकमेव गंजाचा ओघळ अशाच रेघेवर आला.

जुन्या लाइनींवर ८ मिमीचे सेल्फ-ड्रिलिंग बोल्ट (स्वतःच भोक पाडणारे) सापडतात. त्यांचं भोक १२ मिमी रुंद आणि जेमतेम ३० मिमी खोल असतं, सगळी मदार त्या तीन सेंटिमीटरांवर. जोडीला वर्कशॉपमध्ये कापलेली पट्टी हँगर म्हणून लावलेली असते, तिच्यावर कुठलाच आकडा नसतो. अशा एकट्या बोल्टच्या भरवशावर लटकू नये, जवळ कॅम किंवा चॉक नट लावून आधार करावा. हातोडीने ठोकून तपासू नका, चांगला असेल तर तोही खराब होईल. हँगर हाताने फिरतो का, भोकाच्या कडेला भेगा आहेत का, नटाखाली गंजाचे पापुद्रे आहेत का, एवढं बघा.

पडल्यावर बोल्टवर नेमकं काय येतं, हे चुकीचं समजलं जातं. क्लाइंबरला जेवढा झटका बसतो त्याच्या सुमारे १.६ पट सगळ्यात वरच्या बोल्टवर येतो, कारण दुसऱ्या बाजूने बिलेअरची (खाली दोर धरणाऱ्याची) ओढही त्याच कॅरॅबिनरवर (बोल्टला लावलेल्या कडीवर) असते. झटका किती बसणार हे फॉल फॅक्टरवर ठरतं: पडण्याची उंची भागिले बाहेर असलेला दोर. १० मीटर दोर बाहेर असताना बोल्टच्या २ मीटर वरून पडलात तर ४ भागिले १०, म्हणजे ०.४. तेच ४ मीटर दोरावर १. जमिनीजवळचे पहिले तीन बोल्ट एकमेकांच्या जवळ मारायचे ते यासाठी, आणि खाली जमीनही असते म्हणून.

दोर बरा टिकला. ईएन ८९२ या युरोपीय मानकाप्रमाणे सिंगल, म्हणजे एकटाच वापरायच्या, दोराला ८० किलो वजनाचे किमान ५ प्रमाणित झटके सोसावे लागतात आणि पहिल्या झटक्याचा जोर १२ किलोन्यूटनच्या आत लागतो. इथे त्याचा खरा शत्रू काळी माती. तिचे बारीक कण आवरणातून आत जातात, दोर कडक होतो आणि आतून घासतो. खाली ताडपत्री अंथरा, दोरावर पाय देऊ नका. धुताना थंड पाणी, सौम्य साबण, आणि सावलीत वाळवा. तपासताना सगळा दोर बोटांतून सरकवा आणि ठिकठिकाणी यू आकारात वाकवा. कुठे सपाट घडी पडली तर आतला गाभा गेला. टोकांकडचे दोन-अडीच मीटर आधी झिजतात, ते कापता येतात. कापल्यावर मधल्या खुणेचा भरवसा संपतो आणि ३० मीटरच्या लाइनीला दोर अपुरा पडतो. टोकाला गाठ हवीच. खांबांच्या कडा सुरीसारख्या असतात, टॉप रोपखाली (वरून सोडलेल्या दोराखाली) दुहेरी गोणपाट घाला.

अँकरमध्ये, म्हणजे लाइनीच्या वरच्या टोकाच्या आधारात, दोन बोल्टमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. तेव्हा प्रत्येकावर ५८ टक्के भार येतो, १२० अंशाला दोन्हीवर पूर्ण १०० टक्के. डायनीमाची स्लिंग हलकी असली तरी ती जवळजवळ ताणत नाही आणि साधारण १४५ अंशाला वितळते. तिला गाठ मारली की ताकद निम्म्यावर येते. ती लावून अँकरच्या वर चढू नका, दीड मीटरचा झटकाही दोराशिवाय जीवघेणा ठरतो.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. इन्व्हर्टरची बॅटरी असलेल्या खोलीत हार्नेस (चढताना कमरेला बांधायचा पट्टा), स्लिंग, दोर ठेवू नका. आम्लाच्या थेंबाने आणि वाफेने नायलॉन आतून कुजतं आणि वरून काहीच दिसत नाही. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर असल्याने ही चूक सहज होते. जीपच्या मागच्या काचेखाली उन्हात सोडणंही तसंच वाईट.

कॅम उभ्या समांतर भेगांत मस्त बसले, पण सुटलेल्या पापुद्र्यामागे लावू नका, कॅमच त्याला उघडतो. जड झालेल्या पाकळ्या पाण्याने धुवून कोरडं वंगण लावा. साधं तेल धूळ ओढतं. हेल्मेटवर स्टिकर आणि रंग नकोत, त्यातल्या द्रावणाने कवच कमजोर होतं. पावसाळ्यानंतर पहिल्या फेरीत वरून सुटे दगड येतातच.

कड्यावर आग्या मोहोळ असेल तर ड्रिल बंद. दुर्बिणीने आधी ओव्हरहँग (बाहेर झुकलेला कातळ) आणि सावलीच्या जागा बघून घ्या. देवगिरी, वेरूळ, अजिंठा ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथे मेखही ठोकायची नाही. गौताळा अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीच करू नका.

प्रत्येक बोल्टची वही ठेवली आहे: लाइन, क्रमांक, तारीख, कुठला थर, चढलेला टॉर्क. ऑक्टोबरच्या तपासणीत दोन नट पाव फेरा सैल मिळाले, दोन्ही पोकळ्यांच्या थरातले. तिथे आता ग्लू-इन लावायचे आहेत, थंडी पडल्यावर.