एअरबॅगचे पैसे घेतले आणि स्टिअरिंगवर पोकळ झाकण बसवून दिले

अपघातातली गाडी गॅरेजमध्ये गेली की बिल फुगते, जुना पार्ट घासूनपुसून नवा म्हणून लागतो, हे गोव्यात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते, त्यामुळे ते पुराण इथे लावत नाही. रेडिएटर जुना घातला, हेडलाईट डुप्लिकेट लावला, एवढ्यावर भागले असते तर मी शिव्या घालून गप्प बसलो असतो. पण या माणसाने दोन्ही एअरबॅग बिलात लावल्या, त्यांचे निम्मे पैसे विमा कंपनीकडून निघाले, निम्मे माझ्याकडून गेले, आणि गाडीत एकही बसवली नाही. माझी बायको आणि म्हातारी आई त्या गाडीतून फिरत राहिल्या. ते आठवले की आजही हात थरथरतात.

जुलैतली गोष्ट. बेळगावहून चोर्ला घाटाने घरी येत होतो. पाऊस धो धो, वर धुके, वळणावर समोरून हाय बीम मारत एक टेम्पो आला. ब्रेक दाबला तशी गाडी सरकली आणि कडेच्या कठड्यावर समोरून आदळली. दोन्ही एअरबॅग फुटल्या. बायकोच्या मनगटाचे हाड मोडले, मला छातीला मुका मार. डॉक्टर म्हणाले, बेल्ट आणि एअरबॅग नसती तर प्रकरण वेगळे झाले असते. म्हणजे ही वस्तू काय करते ते आम्ही अंगावर अनुभवलेले होते, आणि नेमकी तीच आम्हाला नाकारली गेली.

मी १०८ ला फोन लावत होतो तेवढ्यात क्रेन आली. मी तिला बोलावलेच नव्हते. पावसाळ्यात असे लोक घाटाच्या पायथ्याशी टपून असतात, हे नंतर कळले. चालक अतिशय गोड बोलला. "तुमी भियेनाकात, हांव पळयतां सगळें." म्हणजे घाबरू नका, मी बघतो सगळे. अडीच हजार सांगितले आणि पुढे घेतले ९,५००. रात्र, पाऊस, बायको कण्हते आहे, रुग्णवाहिका उभी आहे, अशा वेळी कोण घासाघीस करतो? गाडी त्याने म्हापशाच्या बाजूच्या एका गॅरेजात नेऊन टाकली. अनेक पॉलिसींवर टो करण्याची सोय असते, तिचा नंबर पॉलिसीच्या कागदावर छापलेला असतो. तो आजच मोबाईलमध्ये साठवा. गाडी कुठल्या गॅरेजात जाते यावरच पुढचे सगळे ठरते, आणि ते क्रेनवाल्याने ठरवता कामा नये.

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मालकाने माझ्यापुढे कागद ठेवले. क्लेम फॉर्म, आणि त्याखाली सॅटिस्फॅक्शन व्हाउचर, दोन्ही कोरे. "सर्व्हेअर कधीही येईल, तुम्हाला इतक्या लांबून पुन्हा पुन्हा यायला नको." सर्व्हेअर म्हणजे नुकसान बघायला विमा कंपनीने नेमलेला माणूस. मी सह्या केल्या. बायकोच्या हाताला प्लास्टर, घरी आई एकटी, ऑफिसात रजा शिल्लक नाही, आणि समोरचा माणूस माझीच धावपळ वाचवतो आहे असे दाखवतो आहे. माझ्या जागी कोणीही सही केली असती. आता वाचणाऱ्यांनी मात्र करू नये. काम पुरे झाले, गाडी बघितली, मी समाधानी आहे, असे तो कागद सांगतो. गाडीचा एक बोल्टही उघडला नव्हता तेव्हा त्याने तो माझ्याकडून लिहून घेतला.

४०,००० ॲडव्हान्स घेतला. गॅरेज कंपनीच्या कॅशलेस यादीत नव्हते, म्हणून पूर्ण बिल आधी मी भरायचे आणि कंपनीकडून नंतर मिळायचे, असे ठरले. बिल झाले २,१८,६४० रुपये. कंपनीने मंजूर केले १,२१,३५०. उरलेले ९७,२९० माझे. शिवाय पार्किंगचे म्हणून ३,६०० वेगळे.

झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची सोय, नसलेल्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, बॅटरी, टायर आणि एअरबॅग यांवर थेट ५० टक्के घसारा कापतात. धातूच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के. काचेवर काही कापत नाहीत. हे आकडे ठरलेले आहेत, गॅरेजवाल्याच्या मनावर नाहीत. माझ्या बिलात दोन एअरबॅग, त्यांचा कंट्रोल मॉड्यूल (धडक ओळखून एअरबॅग फोडणारी पेटी), सीटबेल्टचे प्रिटेन्शनर (धडकेत बेल्ट घट्ट ओढणारे) आणि डॅशबोर्डचे पॅनेल मिळून ८६,४०० लावले होते. निम्मे कंपनीने दिले, निम्मे मी. या चोरीची खरी मेख इथे आहे. कंपनी समजते मालक बघून घेईल, मालक समजतो सर्व्हेअरने बघितले असेल, आणि एअरबॅग ही वस्तू झाकणाखाली असते, फुटेपर्यंत कोणाला दिसत नाही.

चवथीच्या तोंडावर गाडी मिळाली. तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. संध्याकाळ झालेली, पाऊस लागलेला, दुसऱ्या दिवशी गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान आणायचे, गणपती आणायचा. मालकाने गाडी आतून स्वतः चालवत आणली आणि इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला. "बसा, एसी लावून ठेवलाय." किती आपुलकी! चावी फिरवायची वेळ त्याने माझ्यावर येऊच दिली नाही. चावी 'ऑन'वर नेली की मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा पेटतो, काही सेकंद राहतो आणि विझतो. पेटलाच नाही तर गडबड, विझलाच नाही तरी गडबड. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते. कोण वाचतो ती पुस्तिका? मी त्या गाडीत बसलो, काचा बघितल्या, रंग बघितला, बॉनेट उघडून टॉर्च मारली. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाची एक कड किंचित वर आलेली होती. माझे बोट तिच्यावरून फिरले होते. मी विचारलेही, हे असे का? तो म्हणाला, नवीन आहे, दोन दिवसांत बसेल. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर एक बारीक रेघ होती, तिथे त्याने पॉलिश मारून ठेवले होते. आणि मी जुने पार्ट मागितले तेव्हा उत्तर मिळाले, ते सर्व्हेअर घेऊन गेला. फुटलेल्या दोन पिशव्या सर्व्हेअर कशाला घरी नेईल? एवढा प्रश्न त्या क्षणी माझ्या तोंडातून निघाला असता तर तिथेच सगळे थांबले असते. १,७८,६४० रुपये मी त्याच मिनिटाला पाठवले. त्यातले काही मेहुण्याकडून घेतलेले, काही पतसंस्थेचे. यूपीआयवर नाव गॅरेजचे नव्हते, कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाचे होते. "आमचाच अकाउंट आहे."

चवथ झाली, गावी जाणे-येणे झाले. मग एकदा सर्व्हिससाठी गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये दिली. तिथल्या मुलाने गाडीतल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला आणि मला आत बोलावले. कंट्रोल मॉड्यूल जुनाच होता, त्यात अपघाताची नोंद तशीच पडून होती. स्टिअरिंगचे झाकण काढले तर खाली पोकळ. एअरबॅगच्या जोडणीच्या जागी दोन-तीन ओहमचा एक रेझिस्टर खुपसलेला, म्हणजे मॉड्यूलला वाटावे की पिशवी जागेवर आहे. काही रुपयांची वस्तू. आणि अपघाताच्या नोंदीमुळे मॉड्यूल आत ओरडत होता, ते दिसू नये म्हणून मीटर उघडून त्या लाल दिव्यावर आतल्या बाजूने काळी चिकटपट्टी लावली होती. प्रवाशाच्या बाजूची फुटलेली पिशवी कापून टाकून पॅनेल गोंदाने चिकटवले होते. प्रिटेन्शनरही जुनेच. हा निष्काळजीपणा नाही. बसून, विचार करून, हाताने केलेले काम आहे हे. पुन्हा धडक बसली असती तर आई किंवा बायको थेट डॅशबोर्डवर आदळली असती, हे माहीत असून केलेले.

सगळे नीट करून घ्यायला ९१,७५० लागले. रेडिएटर आणि इतर डुप्लिकेट पार्ट बदलायला १४,२००. क्रेन, पार्किंग, माझा हिस्सा धरून खिशातून गेले एकूण २,१६,३४०.

बिल नीट वाचायला मी तेव्हा बसलो. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, गोव्याचे ३०. या बिलावर ३० होते. पण जीएसटीच्या संकेतस्थळावर तो नंबर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. हे बघायला दोन मिनिटे लागतात, फुकट. कंपनीने १,२१,३५० मंजूर करताना ती दोन मिनिटे दिली नाहीत, आणि उलट मला विचारले, तुम्ही का बघितले नाही?

कंपनीत तक्रार केली. उत्तर काय, तर तुमचे सॅटिस्फॅक्शन व्हाउचर आमच्याकडे आहे, फाईल बंद झाली. दुरुस्तीनंतरची तपासणी कोणी केली असे विचारल्यावर कळले की ती फोटोंवर झाली. फोटो कसले? नव्या एअरबॅगच्या खोक्याचे! खोके गॅरेजवाल्यानेच व्हॉट्सॲपवर पाठवले आणि इकडे शेरा पडला, पार्ट बसवला. मी जोर धरला तेव्हा फोनवरच्या बाईंनी सांगितले, "क्लेम तुमच्या सहीने आहे. खोटा ठरला तर वसुली तुमच्याकडून होईल." चोरी त्याची, पैसे कंपनीचे आणि माझे, आणि गुन्हेगार मीच? हे ऐकूनच बरेच लोक मुकाट बसत असणार. मी सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागितली. तुम्हीही मागा, ती मागायचा हक्क आहे. फोनवर बोलू नका, ईमेल करा.

पोलीस ठाण्याचे काय सांगू? अपघात एका हद्दीत, गॅरेज दुसऱ्या हद्दीत. इथले म्हणतात तिथे जा, तिथले म्हणतात इथे या. शेवटी एका साहेबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा. पैसे घेऊन पोकळ झाकण बसवणे, दिव्यावर पट्टी लावणे, हे सिव्हिल? भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना? तक्रार घ्यायला तयार नव्हते, मी अर्ज देऊन इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का मारून घेतला. तो शिक्का सोडू नका, त्याशिवाय तुम्ही ठाण्यात गेलाच नव्हता असे होते. ठाण्यात घेतले नाही तर अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, तोही पाठवला. वाहतूक खात्यात गेलो तर उत्तर, गॅरेजला परवाना आम्ही देत नाही. पंचायतीत गेलो तर व्यापार परवाना तिसऱ्याच्याच नावावर, आणि सचिव म्हणाले की परवाना कर भरण्यापुरता, काम कसे चालते ते आम्ही बघत नाही. मग बघतो कोण? रस्त्यावर हेल्मेट नाही म्हणून अडवायला माणसे आहेत, काचेची काळी फिल्म फाडायला माणसे आहेत, आणि एअरबॅगशिवाय गाडी रस्त्यावर सोडणाऱ्याला विचारणारे एकही कार्यालय मला या राज्यात सापडले नाही. सगळीकडे माझीच उलटतपासणी. सुशिक्षित दिसता, कोऱ्या कागदावर सही कशी केली? मी तिथे न्याय मागायला गेलो होतो, परीक्षा द्यायला नाही.

गॅरेजचा मालक आता फोन उचलत नाही. एकदाच बोलला, म्हणाला की एअरबॅग तुम्हीच काढून विकली असेल.

ग्राहक आयोगात तक्रार घातली आहे. उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावे लागते. विमा कंपनीविरुद्ध आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपाल. गोव्यासाठी ते कार्यालय मुंबईला आहे, वकील लागत नाही, फी नाही. ग्राहक हेल्पलाईन १९१५. ही माहिती मला एकाही कार्यालयाने आपणहून दिली नाही, एका ओळखीच्या वकिलाने चहा पिता पिता दिली.

वर्कशॉपमधल्या त्या मुलाकडून मी स्कॅनचा छापील रिपोर्ट, उघडलेल्या स्टिअरिंगचे फोटो आणि तो रेझिस्टर, सगळे ताब्यात घेतले. दुरुस्ती करून झाल्यावर पुरावा उरत नाही, हे लक्षात ठेवा. गॅरेजात गाडी टाकतानाच जुन्या पार्टवर आपल्या हाताने रंगाची खूण करा, फोटो काढा, आणि काम झाल्यावर तेच पार्ट समोर मागा. शेवटचा हप्ता बाहेर स्कॅन केल्याशिवाय देऊ नका. गॅरेजवाला चिडला तर चिडू द्या.  आणि अपघातातली जुनी गाडी विकत घेत असाल तर ही सगळी चौकशी दुप्पट करा, कारण अशाच गाड्या रंग मारून बाजारात येतात.

गेल्या काही पावसाळ्यांत ज्यांच्या गाडीच्या एअरबॅग फुटून बाहेरच्या गॅरेजात बदलल्या आहेत, त्यांनी आज चावी फिरवून तो लाल दिवा पेटतो आणि विझतो का ते बघा. दिवा नीट दिसला तरी गाडी एकदा अधिकृत वर्कशॉपमध्ये स्कॅन करून आणि झाकण उघडून बघून घ्या, रेझिस्टर दिव्यालाही फसवतो आणि स्कॅनरलाही फसवू शकतो. काही सापडले तर गाडी लगेच दुरुस्त करू नका, आधी रिपोर्ट आणि बिल हातात ठेवून लेखी तक्रार द्या. एकाच गॅरेजाविरुद्ध चार-पाच अर्ज आले तर सिव्हिल मॅटर म्हणून परत पाठवणे त्यांना कठीण जाईल.