पीएच.डी.साठीचे ‘संमिश्र पद्धती पॅकेज’: नागपुरातील एका संशोधन साहाय्य केंद्राचा अनुभव

पश्चिम नागपुरातील एका व्यापारी संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावर एम.एड. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधनात मदत करणारे एक केंद्र आहे. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण आकडे आणि मुलाखती या दोन्हींचे काम एकत्र करून देणारे असे पॅकेज विकणारे हे काही एकटेच नव्हे आणि माझी तक्रारही माणसांपेक्षा पॅकेजच्या घडणीबद्दल अधिक आहे.

मी बी.एड. महाविद्यालयात शिकवते. कापूस वेचणीच्या दिवसांत काटोल, सावनेर आणि हिंगणा या तालुक्यांतील प्राथमिक शाळांच्या उपस्थितीत काय बदल होतो आणि त्याचा मुलांच्या वाचनाशी कितपत संबंध आहे, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. हजेरीपट, वाचन चाचणी आणि पालकांसाठी पाच पर्यायांची प्रश्नावली ही संख्यात्मक बाजू, तर पालकांच्या मुलाखती ही गुणात्मक बाजू. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाआधी द्यायच्या रूपरेषेत, मी ‘संमिश्र पद्धती, स्पष्टीकरणात्मक क्रमिक आराखडा’ असे लिहिले होते. याचा सरळ अर्थ असा की आधी आकडे गोळा करून तपासायचे आणि त्या आकड्यांतून जे कोडे समोर येईल ते सोडवण्यासाठी नेमक्या माणसांशी बोलायचे.

केंद्रातील मॅडमनी पहिल्याच भेटीत सुचवले, की प्रश्नावल्या आणि मुलाखती एकदमच आणून द्या, म्हणजे दोन्ही कामे बरोबर सुरू होतील आणि दोन महिने वाचतील. मुलाखती कोणाच्या, हा प्रश्न त्यांना पडला नाही. ‘पंधरा-वीस झाल्या की पुरे’ असे त्यांचे म्हणणे होते. वास्तविक या आराखड्याचा सगळा जीव याच प्रश्नात आहे. ज्या मुलाची उपस्थिती कमी आणि तरीही वाचन चांगले, किंवा ज्याची उपस्थिती भरपूर आणि वाचन यथातथाच, त्याच्या घरी जायचे असते, आणि ते घर कोणते हे आकडे तपासून झाल्याशिवाय कळत नाही. मी त्यांचा सल्ला मानला नाही आणि काम दोन टप्प्यांत दिले. त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले.

संख्यात्मक कामाबद्दल मात्र मी मनापासून चांगले लिहीन. तेथील सांख्यिकी पाहणारे सर शांत, नेमके आणि प्रश्न विचारणारे आहेत. प्रश्नावलीचा क्रोनबॅक अल्फा (तिच्यातील विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे दाखवणारा गुणांक) फारच कमी आला, तेव्हा ती विश्वसनीय नाही असे सांगून मोकळे न होता त्यांनी माझ्यासमोर एकेक विधान वाचले. ‘वेचणीच्या दिवसांत मुलाने घरी मदत करणे शाळेपेक्षा महत्त्वाचे आहे’ यासारख्या नकारात्मक विधानांचे गुण उलटे करायचे मी विसरले होते. ते उलटे केल्यावर गुणांक स्वीकारण्याजोगा झाला. दुसरी गोष्ट माझ्या मार्गदर्शकांच्याही नजरेतून सुटली होती. एका वर्गातील ३० मुले म्हणजे ३० सुट्या नोंदी नव्हेत, असे सरांनी दाखवून दिले. त्यांचा शिक्षक एक, वर्ग एक, गावातली वेचणीही एकाच वेळची. त्यामुळे दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी टी चाचणी सरसकट लावली तर सार्थकता, म्हणजे दिसलेला फरक निव्वळ योगायोग नसल्याचा पुरावा, फुगून दिसते. शाळानिहाय गट धरून विश्लेषण करायला त्यांनी आठ दिवस घेतले आणि त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. एवढ्याच कामासाठी कोणी विचारले, तर मी डोळे झाकून तिथला पत्ता देईन.

गुणात्मक विभागात शिरताच चित्र पालटते. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण ऐकून लिहून देण्याचे काम केंद्र स्वतः करत नाही, ते पुण्यातील टंकलेखकांकडे जाते. हे मला आगाऊ रक्कम भरल्यानंतर समजले. हाती आलेला मजकूर स्वच्छ, शुद्ध आणि निरुपयोगी होता. काटोलकडील एका आईने आपल्या मुलाच्या सरांबद्दल सांगितले होते, ‘मारत नाई जी, पण लय बोलते. पोट्टं मंग जाऊनच नाई राह्यलं.’ आमच्याकडे पुरुषालाही ‘तो बोलते’, ‘तो येते’ असेच म्हणतात, हे वऱ्हाडी-नागपुरी कानाला वेगळे सांगावे लागत नाही. पुण्यातल्या कानाने मात्र ‘बोलते’ म्हणजे स्त्री असा हिशेब लावला आणि कर्ता नसलेल्या वाक्याला कर्ता पुरवला: ‘मारत नाहीत, पण बाई फार बोलतात. त्यामुळे मुलगा शाळेत जात नाही.’ सर गेले, बाई आल्या आणि ‘जी’ही गेला. पुढे संकेतनात, म्हणजे बोलण्याची विषयवार गटवारी करताना, हे वाक्य ‘शिक्षिकांचे वर्तन’ या गटात जाऊन बसले. ज्या शाळेत एकही शिक्षिका नाही, त्या शाळेच्या शिक्षिकांवर माझा प्रबंध ठपका ठेवणार होता.

मी सगळे मुद्रण पुन्हा ऐकले आणि असे आणखी किती तरी फेरफार सापडले. त्यांतले काही निरुपद्रवी होते, काही नव्हते. गुणात्मक संशोधनात शब्द हीच नोंद असते. हजेरीपटातला ‘गै’ कोणी आपल्या मनाने ‘ह’ केला तर आपण त्याला लबाडी म्हणतो, मग आईच्या तोंडचे वाक्य शुद्ध करून लिहिणे ही सेवा कशी काय ठरते, हे मला अजून उमगलेले नाही.

सोबत एक रंगीत शब्दमेघही, म्हणजे जास्त वेळा आलेला शब्द मोठ्या टायपात दाखवणारे चित्र, मिळाला. मराठीतले भरीचे शब्द गाळण्याची सोय न करता तो काढलेला असल्यामुळे त्यात सर्वांत मोठ्या टायपात ‘म्हणजे’ हा शब्द होता. तो मी जपून ठेवला आहे.

पॅकेजच्या नावातला ‘संमिश्र’ हा भाग प्रत्यक्षात जिथे यायला हवा, तिथे केंद्राची कल्पनाच तोकडी पडते. त्यांच्या माहितीपत्रकात त्रिकोणीकरण हा एकच शब्द आहे आणि त्याचा त्यांनी लावलेला अर्थ असा, की आकडे जे सांगतात तेच मुलाखतींनी सांगितले म्हणजे निष्कर्ष पक्का. एका गुणधर्माचे मापन वेगवेगळ्या पद्धतींनी करून ते जुळते का पाहावे, हा विचार कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये मांडला आणि तो आजही मोलाचा आहे. पण १९८९ मध्ये ग्रीन, काराचेली आणि ग्रॅहम यांनी ५७ मूल्यमापन अभ्यास तपासून पद्धती एकत्र करण्याची पाच प्रयोजने सांगितली, त्यांत त्रिकोणीकरण हे केवळ एक आहे. एकीने दुसरीला पूरक ठरणे, एकीच्या आधारे दुसरीचे साधन घडवणे, अभ्यासाचा आवाका वाढवणे ही आणखी तीन. आणि पाचवे म्हणजे विसंगती मुद्दाम शोधून तिच्यातून नवा प्रश्न काढणे.

हे पाचवे प्रयोजन केंद्राच्या गावीही नाही. माझ्या चार मुलाखती हजेरीपटाशी जुळत नव्हत्या. वेचणीच्या महिन्यात मूल जवळपास रोज हजर असल्याची नोंद होती आणि आई सांगत होती, की पोरगा वेचणीलाच होता. केंद्राकडून निरोप आला, ‘मॅडम, या चार मुलाखती आउटलायर आहेत, काढून टाकू का? व्हायवाला उगाच प्रश्न येतील.’ आउटलायर म्हणजे बाकीच्यांपासून फटकून असलेली नोंद आणि व्हायवा म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा. आकड्यांच्या दालनात इतकी काळजी घेणाऱ्या जागेत हे वाक्य ऐकायला मिळावे, याचे मला खरोखर वाईट वाटले. मी त्या चारही घरी पुन्हा गेले. एका आईने सांगितले, ‘सकाळी हजेरी देते, खिचडी खाते अन् वावरात येते जी.’ हजेरीपट खोटा नव्हता आणि आईही खोटे बोलत नव्हती. हजेरी सकाळी घेतली जात होती, मूल दुपारच्या जेवणानंतर निघून जात होते आणि उरलेल्या तासांची नोंद कुठेही होत नव्हती. माझ्या प्रबंधात नवे म्हणावे असे जे काही असेल, ते या चार मुलाखतींत आहे.

शेवटी मी दोन्ही बाजू समोरासमोर मांडणारा संयुक्त तक्ता मागितला. दहा दिवसांनी जे आले ते पाहून हसू आवरेना. संख्यात्मक तक्ता आणि गुणात्मक तक्ता एकाच आडव्या पानावर शेजारी शेजारी चिकटवले होते. एका ओळीचा दुसऱ्या ओळीशी काडीचा संबंध नव्हता. मग तो तक्ता मी घरी, कूलरसमोर बसून, तीन स्तंभांचा केला. पहिल्यात नोंद, दुसऱ्यात बोलणे आणि तिसऱ्यात दोन्ही एकत्र वाचल्यावर काय दिसते ते. तिसरा स्तंभ भरायला मला सर्वाधिक वेळ लागला, आणि तो केंद्रातल्या कोणाला भरता आलाही नसता, कारण शाळा आणि घर या दोन्ही ठिकाणी मीच गेले होते.

दरांविषयी थोडक्यात: संख्यात्मक कामाचा दर वाजवी आहे, मुलाखत लेखनाचा महाग आहे आणि एकत्रित पॅकेजमध्ये ‘एकत्रीकरण’ म्हणून जी वेगळी रक्कम धरली जाते ती देऊ नये. निम्मे पैसे आधी घेतात; पावती मागितल्यावर मिळते. ठरलेल्या तारखेपेक्षा मुलाखतींचा मजकूर तीन आठवडे उशिरा आला. निष्कर्षाचे प्रकरण ‘हवे असल्यास’ लिहून देण्याची तयारीही हळूच दाखवली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतील १० टक्के साम्याच्या (इतरांच्या लेखनाशी जुळणाऱ्या मजकुराच्या) मर्यादेत बसवून देऊ, असे वर आश्वासन होते. मी नको म्हटल्यावर आग्रह मात्र केला नाही, हेही नमूद करते.

पुढच्या टप्प्यातील मुलाखतींचे लेखन मी आमच्याच महाविद्यालयातील, काटोल तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीला मोबदला ठरवून दिले आहे. पहिला मजकूर परवा आला. टंकलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत; ‘बोलते’ मात्र जिथल्या तिथे आहे, आणि समासात तिने पेन्सिलीने लिहिले आहे, ‘म्हणजे सर’.