स्वस्त भागात भाड्याने राहून नऊ महिने: वाचलं किती, गेलं किती

नऊ महिने झाले या घरात. राहायला आल्यावर दोन आठवड्यांतच मी सगळ्यांना सांगत सुटले होते की काय भारी भाग सापडलाय, आणि बरं झालं तेव्हा कुठे लिहून ठेवलं नाही, कारण दोन आठवड्यांत घर कळतं, भाग नाही कळत. भाग कळायला एक पावसाळा जावा लागतो, एकदा तरी आजारी पडावं लागतं आणि एकदा तरी रात्री साडेअकराला एकटीने परत यावं लागतं.

आधीचं घर ऑफिसपासून 25 मिनिटांवर होतं. भाड्यात पगाराचे 41 टक्के जायचे, येण्याजाण्यात 3. भाडं 30 टक्क्यांच्या आत पाहिजे असं जो तो सांगतो, पण हा काही निसर्गनियम नाहीये. अमेरिकेत 1969 साली सरकारी घरांतल्या भाडेकरूंसाठी उत्पन्नाच्या 25 टक्क्यांची मर्यादा घातली, 1981 मध्ये ती 30 केली, आणि तोच आकडा मग सल्ला म्हणून सगळीकडे फिरायला लागला. मला त्यापेक्षा शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजीचा हिशोब पटतो, ते घर आणि प्रवास एकत्र धरतात आणि दोन्ही मिळून 45 टक्क्यांच्या आत बसलं तर भाग परवडणारा म्हणतात. गंमत म्हणजे त्या हिशोबाने माझं जुनं 44 टक्क्यांचं घर परवडणारं ठरत होतं, फक्त वीस तारखेनंतर माझ्या खात्याला ते पटत नव्हतं.

शोधताना पहिला महिना पूर्ण वाया घालवला. अ‍ॅपवर भाड्याचा फिल्टर लावायचा, कमी ते जास्त, आणि जे वर येईल ते बघायला पळायचं. यात दोन लोचे आहेत. एक म्हणजे ब्रोकर लोक शेजारच्या महागड्या भागाचं नाव टाकून लिस्टिंग करतात, त्यामुळे नाव एक, पिन भलतीकडेच, आणि एकच फ्लॅट चार ब्रोकर चार वेगळ्या भाड्यांनी दाखवतात (फरशीचं डिझाइन आणि खिडकीचं ग्रिल बघा, लगेच ओळखू येतं). दुसरा म्हणजे "स्टेशन 5 मिनिटांवर". कोणाच्या 5 मिनिटांवर? जपानमध्ये जाहिरातीत असं लिहायचं तर 80 मीटरला 1 मिनिट धरावं लागतं, तेही रस्त्याने मोजून, आणि वर उरलेलं अंतर पूर्ण मिनिट धरायचं. मी तीच फूटपट्टी लावायला लागले. या घराच्या जाहिरातीत 8 मिनिटं होती, रस्त्याने मोजलं तर 1250 मीटर, म्हणजे 16 मिनिटं. मध्ये रेल्वेची भिंत आहे, वळसा घालून पूल चढावा लागतो, नकाशावर सरळ रेघ मारणाऱ्याला ते कुठून कळणार.

मग पद्धतच उलटी केली. भाडं बाजूला ठेवलं आणि आधी वेळ धरला. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये मंगळवारी साडेनऊला ऑफिसात पोचायचंय असं टाकून एकेक स्टेशनवरून किती वेळ लागतो ते शीटमध्ये लिहीत गेले, 50 मिनिटांच्या वर गेलं की नाव कट. रविवारी दुपारी बघू नका, रविवारी सगळंच जवळ असतं. जी नावं उरली त्यातच भाडी बघितली आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, भाडं अंतरानुसार हळूहळू उतरत नाही, पायरीसारखं उतरतं. जिथे दोन लाईन मिळतात त्या जंक्शनपर्यंत भाडी चढी, आणि त्याच्या पुढच्या एका स्टेशनला धाडकन खाली, कारण बहुतेकांचा शोध जंक्शनलाच थांबतो. ट्रेनमध्ये फरक फक्त 4 मिनिटांचा. मी तिथेच घेतलं. दुसरी स्वस्त जागा असते दोन लाईनींच्या मधला पट्टा जिथे फक्त बस जाते, आणि तिसरी जिथे नवीन मेट्रोचं काम चालू आहे, धूळ आणि आवाज आत्ता, फायदा नंतर, पण लाईन सुरू झाली की भाडंही वाढणार हे गृहीत धरूनच जा.

घर फायनल करायच्या आधी मी तिथे तीनदा गेले, आणि सगळ्यात कामाची ती सकाळची चक्कर ठरली. सव्वाआठला बस स्टॉपवर नुसती उभी राहिले, अर्धा तास. स्टेशनकडे जाणाऱ्या पाच बस आल्या, त्यातल्या दोन भरलेल्या म्हणून थांबल्याच नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या एका काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं, नवीन का? मी म्हटलं अजून ठरलं नाही, तर म्हणाल्या, एक स्टॉप मागे चालत जायचं, तिथे रिकामी मिळते. नऊ महिने मी तेच करतेय. कुठल्याही अ‍ॅपवर हे सापडलं नसतं.

घरात बघताना मी एका जागी फसले. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला गुडघ्याच्या उंचीपर्यंत नवा रंग होता, वर जुना. मला वाटलं फर्निचर घासलं असेल म्हणून रंगवलं. ओल होती. पहिल्या जोरदार पावसानंतर तिथे पापुद्रे सुटले, कपाट पुढे ओढलं तर मागे काळपट बुरशी आणि खालच्या कप्प्यातल्या चादरींना तो विशिष्ट वास. घरमालकांनी दोन महिने आज बघतो उद्या बघतो केलं, शेवटी अर्धा खर्च मी घातला तेव्हा काम झालं. अर्धवट रंगवलेली भिंत दिसली की सरळ विचारायचं, आणि जे उत्तर मिळेल ते मेसेजवर लिहून घ्यायचं. नळ मात्र मी सकाळी जाऊन दोन्ही एकदम सोडून बघितले होते, त्यामुळे पाण्याचा त्रास नाही.

आवाजाबद्दल थोडंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2009 मध्ये रात्रीसाठी घराबाहेर सरासरी 40 डेसिबलची मर्यादा सुचवली होती, माझ्या खिडकीत फोनचं अ‍ॅप रात्री एक वाजता 52 दाखवतं. फोनचं माप काही अचूक नसतं पण पहाटेची मालगाडी अचूक असते. सवय झाली, पाहुण्यांना होत नाही.

आता मूळ हिशोब, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. इथे भाडं पगाराच्या 26 टक्के. प्रवास मी शीटमध्ये 4 धरला होता, प्रत्यक्षात 7 निघाला, कारण रात्री उशीर झाला की स्टेशनपासून टॅक्सी करावी लागते, तो पूल रात्री अगदी सुनसान असतो आणि दोन दिव्यांपैकी एक कायम बंद. जाहिरातीतल्या "शांत परिसर" याचा रात्रीचा अर्थ हा. तरी एकूण 33, म्हणजे जुन्या 44 च्या मानाने 11 टक्के वाचले. छान ना? पण वेळ बघा. एका बाजूचा प्रवास 25 चा 50 मिनिटं झाला. रोजची जास्तीची 50, महिन्याचे 22 दिवस, म्हणजे 1100 मिनिटं, 18 तास 20 मिनिटं. आणि मी महिन्याला 176 तास काम करते, त्याचे 11 टक्के म्हणजे साधारण 19 तासांची कमाई. म्हणजे एवढी शोधाशोध, सामान हलवणं, ओलीची भांडणं, आणि पदरात पडला महिन्याचा एक तास. हे गणित चौथ्या महिन्यात ट्रेनमध्ये उभ्या उभ्या मांडलं आणि जाम चिडचिड झाली.

चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने 1994 मध्ये मांडलं होतं की माणूस कुठल्याही काळात, कुठल्याही वाहनाने, रोजच्या प्रवासाला सरासरी साधारण एक तास देतो, वाहन वेगवान झालं की गाव पसरतं पण तास तेवढाच. माझे जाऊनयेऊन 100 मिनिटं होत होते. ती चाळीस जास्तीची मिनिटं कुठून जातात ते मला माहितीये, झोपेतून.

सुटका झाली ती पाचव्या महिन्यात, ऑफिसने दोन दिवस घरून काम करायची मुभा दिली तेव्हा. जाण्याचे दिवस 13 वर आले, जास्तीचा वेळ 10 तास 50 मिनिटं, प्रवासखर्च 5 टक्के. तेव्हापासून हा भाग मला खरंच स्वस्त वाटतो. म्हणून कोणी विचारलं की हा भाग चांगला आहे का, तर मी आधी विचारते आठवड्यातून किती दिवस जायचंय. पाच असतील तर माझं रेटिंग पाचपैकी अडीच, तीन असतील तर चार. दोघं कमावणारे असतील आणि ऑफिसं विरुद्ध दिशांना असतील तर जंक्शनचंच घर घ्या, तिथे जास्तीचं भाडं दोघांत वाटलं जातं. आणि लहान मूल असेल तर हे सगळं सोडून पाळणाघर कुठे आहे तिथून सुरुवात करा, हा शहाणपणा माझा नाही, खालच्या मजल्यावरच्या ताईंचा आहे, त्यांनी याच कारणाने वर्षात दोन घरं बदलली.

माझा करार संपायला तीन महिने आहेत. घरमालकांनी 10 टक्के वाढ सांगितली आहे, म्हणजे भाडं 28.6 टक्के. आणि ऑफिसात परत पाच दिवसांची कुजबुज सुरू झाली आहे. दोन्ही खरं झालं तर वाचणार 8.4 टक्के, म्हणजे 15 तासांहून थोडी कमीच कमाई, आणि जाणार 18 तास 20 मिनिटं. तोटाच. अर्थात जुन्या भागातली भाडीही तिथेच थांबली नसतील, ती नव्याने विचारायची आहेत. तोपर्यंत ऑफिसच्या दुसऱ्या बाजूची दोन स्टेशनं शीटमध्ये टाकली आहेत, सकाळी गर्दीच्या उलट दिशेला जाणारी. येत्या मंगळवारी सव्वाआठला पहिल्या स्टेशनबाहेर जाऊन उभी राहणार आहे.