मारिओ कार्ट ८ डिलक्स : आजीलाही जमणारी शर्यत

मी अडुसष्ट वर्षांची, इंदूरच्या रामबागेत राहते. निन्टेंडो स्विच या गेम कन्सोलवरचा हा २०१७ चा खेळ लेकीने नातवंडांसाठी आणला, पण रिमोट सोडायला आता तयार नाही ती मीच!

यातली खरी सोय म्हणजे स्मार्ट स्टिअरिंग. गाडी निवडताना अधिकचं बटण दाबलं की त्याचा पर्याय दिसतो, आणि तो चालू असला की गाडी रस्त्याबाहेर पडत नाही. ॲक्सिलरेटर आपोआप चालवायचा वेगळा पर्यायही तिथेच आहे. प्रत्येक खेळाडूला हे वेगवेगळं लावता येतं, म्हणजे मला आधार आणि बारावीतल्या नातवाला काही नाही. मात्र स्मार्ट स्टिअरिंगने काही आडवाटा बंद होतात. नातू तिथूनच सटकतो, मेला.

मागे पडणाऱ्याला हत्यारं भारी मिळतात. शेवटच्या नंबरावरून गोळी होऊन सुसाट निघाले की आमचे हे सोफ्यावरून ओरडतात, "अगं, समोर बघ!" समोर बघायचं कशाला, गोळी स्वतःच धावते. पहिल्या नंबरावरच्या गाडीवर कासवाचं निळं कवच येऊन आदळतं, तेव्हा जावईबापूंचा चेहरा बघण्यासारखा असतो.

एका टीव्हीवर चौघे खेळतात, पण पडद्याचे चार भाग होतात. लहान टीव्ही असेल तर चष्मा लावूनच बसा. स्विचसोबतच्या जोडीतला एकेक रिमोट आडवा धरून दोघांचं भागतं. चौघांना आणखी एक जोडी विकत घ्यावी लागते, आणि ती स्वस्त नाही. माझ्या संधिवाताच्या बोटांना कडेची बारीक बटणं अवघड जातात, म्हणून मी मोठा वेगळा कंट्रोलर मागवलाय.